केमो, स्टिरॉइड, बायोलॉजिक: उपचाराआधी हिपॅटायटिसची तपासणी कशी करायची आणि गोळी कधी थांबवायची

फाइलमध्ये ‘एचबीएसएजी निगेटिव्ह’ असा रिपोर्ट (हिपॅटायटिस बी विषाणूचा बाहेरचा घटक रक्तात सापडला नाही, असा) असतो, म्हणून हिपॅटायटिस बीचा विषय तिथेच मिटतो. उपचार सुरू होतात, नीट पार पडतात, आणि सगळं सुरळीत होतंय असं वाटत असताना कावीळ होते. मग कळतं की विषाणू आधीपासून शरीरातच होता. हे जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येतं. चूक औषधात क्वचितच असते, ती क्रमात असते: तपासणी उशिरा होते, अर्धवट होते, किंवा संरक्षणाची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी गोळी मुदतीआधी सुटते.

केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी संपवणारं औषध), बराच काळ चालणारं स्टिरॉइड, संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या दाहासाठीची बायोलॉजिक औषधं (प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागाला रोखणारी), अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण, डायलिसिस किंवा एचआयव्ही यांपैकी काहीही तुमच्या किंवा घरच्या रुग्णाच्या वाट्याला आलं असेल, तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी आहेत. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणं मात्र आपल्या हातात असतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम आपोआप पटेल. हिपॅटायटिस बी ‘बरा’ झाला तरी त्याच्या डीएनएचं एक गोल कडं यकृताच्या पेशींच्या केंद्रकात राहून जातं. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ती औषधाने खाली आणली की विषाणू मोकाट वाढतो, बऱ्याचदा एकही लक्षण न देता. खरं नुकसान पुष्कळदा त्यानंतर होतं. उपचार संपतात, प्रतिकारशक्ती परत येते आणि विषाणूने भरलेल्या यकृताच्या पेशींवर तुटून पडते. म्हणून ‘केमो संपली, आता गोळी कशाला’ हा विचार नेमक्या चुकीच्या वेळी मनात येतो.

## टप्पा १: तपासणीला जाण्याआधी एक पान लिहून काढा

एका कागदावर एवढं लिहा:

- आत्ता चालू असलेली आणि पुढे ठरलेली सगळी औषधं. ‘बायोलॉजिक’ एवढं पुरेसं नाही, औषधाचं मूळ नाव हवं.
- गेल्या वर्षभरात स्टिरॉइड किती दिवस आणि किती मिलिग्रॅम घेतलं. केमोबरोबर उलटी थांबवायला दिलेलं डेक्सामेथासोन हेही स्टिरॉइडच. लोक ते मोजत नाहीत.
- पूर्वी झालेली कावीळ, रक्त चढवणं, डायलिसिस, आई किंवा भावंडांना हिपॅटायटिस बी असणं.
- हिपॅटायटिस बीची लस घेतली असेल तर शेवटच्या डोसची तारीख.
- गेल्या काही महिन्यांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर त्याची तारीख.

शेवटच्या दोन तारखा वरवर क्षुल्लक वाटतात, पण रिपोर्ट फसवा निघण्याचं कारण पुष्कळदा त्यांतच सापडतं. लस घेतल्यावर साधारण अडीच आठवड्यांपर्यंत एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण लसीत तोच घटक असतो. इम्युनोग्लोब्युलिन दात्यांच्या रक्तातून बनतं, त्यामुळे दात्यांच्या अँटिबॉडी तुमच्या रिपोर्टमध्ये उतरतात आणि कधीच न झालेला संसर्ग ‘झालेला’ दिसतो.

इशारा: लस आणि तपासणी दोन्ही करायच्या असतील तर रक्त आधी द्या, लस नंतर घ्या.

## टप्पा २: कोणत्या तपासण्या, आणि कधी

हिपॅटायटिस बीसाठी तीन तपासण्या एकत्र हव्यात:

1. एचबीएसएजी
2. अँटी-एचबीसी टोटल (संसर्ग आत्ता किंवा पूर्वी झाला का)
3. अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी), आकड्यासह

यांच्याच जोडीला अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी), एचआयव्ही, यकृतासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग), आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या ओळीत होतो. लॅबमध्ये ‘अँटी-एचबीसी’ म्हटलं की कधीकधी ‘आयजीएम’ प्रकार केला जातो. तो नुकत्याच झालेल्या संसर्गासाठी असतो. वीस वर्षांपूर्वी होऊन गेलेला संसर्ग त्यात दिसणार नाही आणि रिपोर्ट छान निगेटिव्ह येईल. चिठ्ठीवर ‘टोटल’ हा शब्द लिहून घ्या आणि रक्त देताना तिथल्या माणसालाही दाखवा.

वेळ: पहिल्या डोसच्या आधी. प्रतिकारशक्ती खूप खाली गेली की अँटिबॉडी तयार होणंच कमी होतं, आणि मग उशिरा केलेली तपासणी खोटा दिलासा देते. पण याचा अर्थ रिपोर्टची वाट पाहत तातडीची केमो लांबवायची असा नाही. डोस त्याच दिवशी द्यायचा असेल तर रक्त डोसच्या आधी काढून ठेवावं, रिपोर्ट मागून आला तरी चालतो.

प्रत्यारोपण असेल तर दात्याचे रिपोर्टही हवेत. दात्याचा एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असला तरी त्याच्या यकृतातून विषाणू घेणाऱ्याकडे जाऊ शकतो.

पडताळणी: रिपोर्ट हातात आल्यावर तिन्ही नावं कागदावर आहेत ना, आणि अँटी-एचबीसीपुढे ‘टोटल’ आहे ना, एवढं पाहून मगच लॅबमधून निघा.

## टप्पा ३: तीन ओळी एकत्र वाचा

समजा रिपोर्ट असा आहे:

एचबीएसएजी: नॉन-रिअॅक्टिव्ह (म्हणजे निगेटिव्ह)
अँटी-एचबीसी टोटल: रिअॅक्टिव्ह (म्हणजे पॉझिटिव्ह)
अँटी-एचबीएस: ३८ एमआययू प्रति मिलि

पहिली ओळ पाहून बहुतेक जण पान उलटतात. तिसरी पाहिली तर उलट खूश होतात, कारण १० च्या वरचा आकडा म्हणजे संरक्षण असं वाचलेलं असतं. पण दुसरी ओळ सांगते की हा संसर्ग कधीतरी खरोखर होऊन गेला आहे, म्हणजे यकृतात ते गोल कडं बसलेलं असण्याची शक्यता आहे. ३८ हा आकडा इथे लसीचा नाही, जुन्या लढाईचा आहे. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाखाली तो ओसरत जाऊन शून्यावर येऊ शकतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

बाकीच्या जोड्या सोप्या आहेत. तिन्ही निगेटिव्ह असतील तर संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही, लस हवी. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते लसीचं संरक्षण.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग आत्ता चालू आहे. मग एचबीव्ही डीएनएचं प्रमाण (रक्तात बी विषाणू किती आहे ते), एचबीई-एजी (विषाणू जोरात वाढतोय का याची खूण), हिपॅटायटिस डीची अँटिबॉडी आणि यकृताची सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारं) या तपासण्या पुढे येतात. डी विषाणू फक्त बी असलेल्यांनाच होतो, पण झाला तर आजार वेगाने वाढतो, आणि ही तपासणी अनेकदा राहून जाते.

वरच्या उदाहरणातल्या माणसानेही एचबीव्ही डीएनए करून घ्यायला हवं. एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही काही जणांत डीएनए थोडं सापडतं.

## टप्पा ४: धोका रिपोर्टवरून अर्धाच कळतो

उरलेला अर्धा औषधावरून. ढोबळ प्रतवारी अशी करतात: विषाणू पुन्हा जागा होण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त असेल तर धोका मोठा, १ ते १० टक्के असेल तर मध्यम, १ टक्क्याहून कमी असेल तर कमी.

रिटुक्सिमॅब, ऑफाट्युमुमॅब, ओबिन्युट्युझुमॅब ही बी-पेशी संपवणारी औषधं आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे मोठ्या धोक्यात येतात, एचबीएसएजी निगेटिव्ह आणि फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असला तरीही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये रिटुक्सिमॅब आणि ऑफाट्युमुमॅबच्या माहितीपत्रकावर यासाठी चौकटीतला इशारा छापायला लावला.

प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवडे किंवा जास्त: एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर धोका मोठा, फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर मध्यम. अँथ्रासायक्लिन गटातली केमो साधारण याच हिशोबात बसते. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब यांसारखी टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारी औषधं बहुधा मध्यम गटात येतात.

मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन एकटं चालू असेल, किंवा सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल, तर धोका कमी.

इशारा: औषध बदललं की हे गणित नव्याने करायचं. मेथोट्रेक्सेटवर असताना ‘फक्त लक्ष ठेवू’ असं ठरलेलं असतं, दोन वर्षांनी रिटुक्सिमॅब सुरू होतं, आणि जुना निर्णय तसाच पुढे चालतो. संधिवाताचे डॉक्टर आणि यकृताचे डॉक्टर वेगळे असतील तर हे हमखास घडतं. नवं औषध लिहून मिळताच स्वतः विचारा: माझा अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आहे, आता गोळी लागेल का?

## टप्पा ५: गोळी सुरू करणं

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यांना यातल्या बहुतेक उपचारांत, आणि फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्यांना मोठ्या धोक्याच्या औषधांबरोबर, विषाणूविरोधी गोळी दिली जाते. मध्यम धोक्यात गोळी द्यायची की बारीक लक्ष ठेवायचं, यावर तज्ज्ञांची मतं वेगळी असू शकतात. माझं मत विचाराल तर दर एक ते तीन महिन्यांनी तपासणीला जाणं प्रत्यक्षात जमणार नसेल, तर ‘लक्ष ठेवू’ हा पर्याय कागदावरच राहतो. डॉक्टरांना हे खरं काय ते सांगा.

गोळी उपचाराच्या आधी, फार तर त्याच दिवशी सुरू व्हावी. सध्या वापरतात ती एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर. लॅमिव्ह्युडिनला विषाणू लवकर सरावतो, म्हणून लांबच्या उपचारात ती आता मागे पडली आहे. कोणी ती लिहून दिली तर कारण विचारायला हरकत नाही.

तीन गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या करा.

एचआयव्हीचा रिपोर्ट आला आहे ना. एचआयव्ही असताना नकळत यांतली एकच गोळी चालू राहिली तर एचआयव्हीचा विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

मूत्रपिंडाची स्थिती. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल हा प्रकार मूत्रपिंड आणि हाडांवर परिणाम करू शकतो. अॅलाफेनामाइड या प्रकारात तो त्रास कमी असतो. एन्टेकाव्हिरचा डोसही क्रिएटिनिन पाहून बदलावा लागतो.

पोटाची वेळ. एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी घ्यायचं: जेवणानंतर निदान दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. बहुतेकांना रात्री झोपताना सोयीचं पडतं. नाश्त्याबरोबर सगळ्या गोळ्या एकत्र गिळण्याची सवय असेल तर हीच एक बाजूला काढा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. दुसऱ्या डोसची वेळ आलीच असेल तर दोन एकदम घेऊ नका. पट्टी संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणून ठेवा.

## टप्पा ६: देखरेख

गोळी चालू असेल तर साधारण दर तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि ठरल्याप्रमाणे डीएनए. गोळी न घेता फक्त लक्ष ठेवायचं ठरलं असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी एसजीपीटी, एचबीव्ही डीएनए आणि एचबीएसएजी.

इथली नेहमीची चूक म्हणजे केवळ एसजीपीटीवर विसंबणं. डीएनए आधी वाढतं, एसजीपीटी कित्येक आठवड्यांनी. एसजीपीटी वाढलेलं दिसतं तेव्हा पेशी मरायला लागलेल्या असतात.

विषाणू पुन्हा जागा झाला असं कधी म्हणायचं? एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यात डीएनए आधीच्या तुलनेत १०० पट वाढलं, किंवा आधी सापडत नव्हतं आणि आता १,००० एकक प्रति मिलिच्या वर गेलं, तर. जुना संसर्ग असलेल्यात डीएनए नव्याने सापडणं किंवा एचबीएसएजी परत पॉझिटिव्ह होणं एवढं पुरेसं आहे.

पडताळणी: प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच एककात डीएनए करा. एका लॅबचा आकडा ‘कॉपीज’मध्ये आणि दुसरीचा ‘आययू’मध्ये असेल तर शंभर पटीची तुलना निरर्थक ठरते.

## टप्पा ७: गोळी थांबवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक याच टप्प्यावर होते. गोळीची मुदत तिच्या सुरुवातीपासून मोजत नाहीत, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या शेवटच्या डोसपासून मोजतात. बहुतेक उपचारांनंतर निदान सहा महिने ते वर्षभर. रिटुक्सिमॅबसारख्या औषधांनंतर कमीत कमी १२ महिने, आणि युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ महिने, कारण त्या औषधाचा परिणाम शरीरात फार काळ टिकतो.

मोजून पाहू. रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस या वर्षीच्या मार्चमध्ये झाला. १८ महिने धरले तर गोळी पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर गोळी बंद, पण रक्त तपासणी आणखी निदान वर्षभर, म्हणजे त्याच्याही पुढच्या सप्टेंबरपर्यंत. मधेच रिटुक्सिमॅबचा आणखी एक डोस झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या तारखा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, कारण तोपर्यंत कर्करोगाच्या भेटी विरळ झालेल्या असतात आणि आठवण करून देणारं कोणी उरत नाही.

ज्यांना एचबीएसएजी पॉझिटिव्ह असून यकृताचा स्वतंत्र आजारही आहे, त्यांनी हे कॅलेंडर लावू नये. त्यांची गोळी अनेक वर्षं चालू राहू शकते.

एचआयव्ही असलेल्यांसाठी एक वेगळा सापळा आहे. त्यांच्या नेहमीच्या गोळीतलं टेनोफोव्हिर बी विषाणूलाही दाबून ठेवत असतं. एचआयव्हीचं औषध बदलून टेनोफोव्हिर नसलेलं काही सुरू केलं, उदाहरणार्थ दीर्घकाळ परिणाम टिकणारी इंजेक्शनं, तर एचआयव्ही ताब्यात राहील आणि हिपॅटायटिस बी मात्र उसळेल. बदलाआधी बीचा रिपोर्ट काढून पाहा.

## टप्पा ८: हिपॅटायटिस सी

सीला लस नाही, पण तो बरा होतो. आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत विषाणू जातो. अडचण निदानाची असते. डायलिसिस, प्रत्यारोपण किंवा खूप कमी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) असताना अँटी-एचसीव्ही खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. एसजीपीटी विनाकारण वाढलेलं असेल तर अँटिबॉडीवर न थांबता एचसीव्ही आरएनए (थेट सी विषाणू शोधणारी तपासणी) मागा.

सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी बीच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. सी गेला की दबलेला बी उसळी घेऊ शकतो. आणि टप्पा १ चं पान इथे पुन्हा काढा: अॅमिओडॅरोन, रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, आणि काही गोळ्यांच्या बाबतीत आम्लपित्तावरची साधी औषधंही, यांच्याशी सीच्या औषधांचं जमत नाही.

## टप्पा ९: हिपॅटायटिस ई, जो आठवतच नाही

ई म्हणजे दूषित पाण्यातून येणारी आणि आपोआप बरी होणारी कावीळ, असं आपण धरून चालतो. धडधाकट माणसात ते खरंही आहे. पण अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत त्याचा एक प्रकार, मुख्यतः जीनोटाइप ३ (विषाणूचा जनुकीय उपप्रकार), महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो आणि यकृत कडक करत नेतो. २००८ मध्ये हे पहिल्यांदा स्पष्टपणे समोर आलं. हा प्रकार अर्धवट शिजलेल्या डुकराच्या किंवा रानटी प्राण्यांच्या मांसातून येतो, म्हणून प्रत्यारोपणानंतर मांस पूर्ण शिजलेलंच खावं.

एसजीपीटी थोडंसं, पण सतत वाढलेलं राहत असेल आणि ‘औषधाचा परिणाम असेल’ म्हणून सोडून दिलं असेल, तर एचईव्ही आरएनए (थेट ई विषाणू शोधणारी तपासणी) करायला सांगा. अँटिबॉडी इथेही फसवते. आरएनए तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर तो जुनाट आजार. उपाय असा की शक्य असेल तर आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं डॉक्टरांनी कमी करायची, आणि त्याने भागलं नाही तर रिबाव्हिरिन. ते गर्भाला घातक आहे आणि रक्तातलं हिमोग्लोबिन घटवतं, त्यामुळे गर्भनिरोधन आणि नियमित सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सक्तीचं.

## टप्पा १०: लसी

हिपॅटायटिस बीची लस निष्क्रिय असते, प्रतिकारशक्ती कमी असताना सुरक्षित असते. फक्त तिचा जोर कमी पडतो. म्हणून शक्य तर उपचाराआधी सुरू करा. डायलिसिसवर असलेल्यांना दुप्पट मात्रा, अनेकदा चार डोसमध्ये (०, १, २ आणि ६ महिने) देतात. रिटुक्सिमॅबनंतर निदान सहा महिने लसीचा फारसा परिणाम होत नाही.

शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करा. १० च्या खाली असेल तर पूर्ण मालिका पुन्हा द्यावी लागते. डायलिसिसवर ही तपासणी दरवर्षी. ‘तीन डोस झाले’ म्हणून पुढची तपासणी सोडून देऊ नका.

इशारा: हिपॅटायटिस एची लस दोन प्रकारची मिळते, निष्क्रिय आणि जिवंत पण क्षीण केलेली. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी निष्क्रियच घ्यावी. सुई टोचण्याआधी बाटलीवरचं नाव वाचून घ्या.

## टप्पा ११: त्याच दिवशी दवाखाना

अन्नावरची वासना उडणं, न जाणारा थकवा आणि गडद लघवी ही चिन्हं डोळे पिवळे होण्याआधी येतात. दोन-तीन दिवस वाट पाहू नका. सुस्ती, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोट फुगणं, यांपैकी काही दिसलं तर थेट इमर्जन्सी.

मनाने कोणतंही औषध बंद करू नका. स्टिरॉइड एकदम तोडलं तर ते स्वतःच जीवघेणं ठरू शकतं. काविळीवरची जडीबुटी मधे आणू नका, यकृतावरचा भार वाढतो आणि निदानाचाही गोंधळ होतो.

इमर्जन्सीत औषधांचं पान आणि जुने रिपोर्ट समोर ठेवा, आणि एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर, नवा एचबीएसएजी आणि एचबीव्ही डीएनए त्याच दिवशी पाठवायला सांगा. सहा महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह एचबीएसएजी पाहून कोणी ‘बी नाही’ म्हणालं, तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू होतं हे तिथेच सांगा. डीएनएचा रिपोर्ट यायला काही दिवस लागू शकतात, पण शंका पक्की असेल तर त्याच्या आधीही डॉक्टर गोळी सुरू करू शकतात. तसं विचारा.